बलुतची काळजी सोड, स्पॅगेटीची तयारी कर

प्रश्न थोडक्यात असा: वसईकडचा चोविशीतला एक ब्रदर, म्हणजे ख्रिस्ती मठातला व्रतस्थ, पुढच्या वर्षी मिशनकार्यासाठी फिलिपाइन्सला निघाला आहे. नाताळ त्याने आजवर कधी घराबाहेर काढलेला नाही. तिकडे पिल्लू असलेलं अंडं खायला घालतात, रक्ताचं कालवण करतात, असं त्याच्या कानावर आलं आहे. नाही म्हटलं तर लोक दुखावतील का, आणि हो म्हटलं तर आपल्या घशाखाली उतरेल का, असं तो विचारतो. मी त्या देशात बरीच वर्षं काढली. आता तिकडे निघालेल्या मुलांची तयारी करून घेतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी बलुत उरकून टाकू, कारण प्रत्येकाची गाडी तिथेच अडते. बदकाचं फलित अंडं साधारण 14 ते 18 दिवस उबवायचं आणि मग उकडायचं, हे झालं बलुत. मनिला महानगरातलं पातेरोस त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. दिवेलागण उलटली की विक्रेता टोपली घेऊन 'बलूऽऽत' अशी लांब हाळी देत गल्लीतून जातो. अंड्याचं रुंद टोक वर धरायचं, तिथे टवका उडवायचा, आतला रस आधी पिऊन घ्यायचा. मग मीठ किंवा मिरची घातलेलं व्हिनेगर टाकून सोलत सोलत खायचं. आत एक पांढरा, दगडासारखा घट्ट भाग निघतो, तो बरेच जण टाकून देतात. तूही टाक. कमी दिवसांचं मागून घे. जास्त दिवसांच्या अंड्यात पिसं दिसू लागतात आणि नवशिक्याचा धीर तिथेच सुटतो. चवीचं म्हणशील तर कोंबडीचं दाट सूप आणि भरपूर बलक, एवढंच.

पण बलुत नाताळचं पक्वान्न नव्हे. ते रस्त्यावरचं रात्रीचं खाणं. परदेशी पोराला ते खायला लावून मजा बघणं हा तिथला जुना खेळ आहे. खाल्लंस तरी हसतील, नाही खाल्लंस तरी हसतील, आणि दोन्ही वेळा मनात काही ठेवणार नाहीत. कित्येक फिलिपिनो स्वतःच बलुतला हात लावत नाहीत. तेव्हा खायचंच असेल तर भूक म्हणून खा, पराक्रम म्हणून नको. आणि डोळे मिटून, तोंड वाकडं करून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नकोस. तो फिरत फिरत धर्मग्रामातल्या (चर्चच्या पॅरिशमधल्या) कोणाच्या तरी मोबाइलवर पोचतोच, आणि ज्यांच्या ओसरीत बसून तू खाल्लंस त्यांना कळतं की आपलं अन्न तिकडे करमणूक म्हणून दाखवलं जातंय.

रक्ताचं कालवण म्हणजे दिनुगुआन. डुकराचं मांस, कधी आतडी-काळीज, व्हिनेगर, रक्त आणि लांब हिरव्या मिरच्या. रंग काळपट, चव आंबट. सोबत तांदळाचे पांढरे वाफवलेले पुतो. गोव्याच्या जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलात रक्त पडतं, व्हिनेगरही पडतं. तेव्हा सोरपोतेल खाऊन वाढलेल्या माणसाला दिनुगुआन फार परकं वाटायचं कारण नाही. तरी नकोच असेल तर ऐक. त्या देशात इग्लेसिया नी क्रिस्तो नावाचा मोठा पंथ आहे. त्याचे लोक रक्त खात नाहीत (आणि नाताळही पाळत नाहीत). ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोकही रक्त टाळतात. म्हणजे 'मी रक्त खात नाही' हे वाक्य तिथे कोणालाच नवं नाही. शांतपणे सांगितलंस तर यजमानीण दुसरं भांडं पुढे सरकवते. दुखावतो तो नकार नव्हे, नाकाला चढलेली सुरकुती.

आता खरी अडचण. चमत्कारिक पदार्थ वर्षातून एखाद्या वेळी समोर येतात, जीव मुठीत धरून खाता येतात आणि नंतर सांगायला किस्सा होतो. माणूस खचतो तो रोजच्या साध्या ताटाने. न्याहारीला लसूण परतलेला भात आणि तळलेला सुका मासा, दुपारी भात, रात्री भात. भाताला आपण कोकणपट्टीचे लोक घाबरत नाही, पण त्याच्यावर आमटी नाही, तिखट नाही, चिंच असली तरी तिच्यात मसाल्याचा वास नाही. बिकोल प्रांत सोडला, जिथे नारळाच्या दुधात मूठभर मिरच्या शिजवतात, तर बाकी देश तिखटाच्या वाटेला फारसा जात नाही. आणि नाताळ आला की सगळं गोड होतं. स्पॅगेटी गोड, तिच्यात लाल हॉटडॉगच्या चकत्या, वर किसलेलं चीज. मॅकरोनीच्या सॅलडमध्ये कोंबडीसोबत मनुका. फळांच्या सॅलडमध्ये कंडेन्स्ड मिल्क आणि साय. पहिल्या वर्षी आमची मुलं बलुत हसत खातात आणि चौथ्या घरची चौथी स्पॅगेटी बघून रडकुंडीला येतात.

त्या स्पॅगेटीला नावं ठेवण्याआधी तिची गोष्ट ठाऊक असू दे. तिच्या सॉसमध्ये केळ्याचं केचप असतं. त्या देशात टोमॅटोपेक्षा केळी मुबलक. केळ्यापासून केचप करण्याचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंना देतात. आपल्या मातीत पिकतं त्यातून लोकांचं पोट भरावं यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं आणि 1945 साली मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. वाढदिवसाला आणि नाताळला स्पॅगेटी नसेल तर तिथल्या मुलांना सण झाल्यासारखं वाटत नाही. ज्या घरात एरवी सुका मासा शिजतो, तिथे ते पाकीट मुद्दाम पैसे बाजूला ठेवून आणलेलं असतं.

वाढलेलं कसं खायचं हे कोणी शिकवत नाही, म्हणून सांगतो. तिथे रस्त्याच्या कडेला जेवत बसलेला माणूस अनोळखी वाटसरूलाही 'काइन तायो' म्हणतो. आपल्याकडे दारात जेवत असताना कोणी गेलं की 'या जेवायला' म्हणतात, त्यातलाच प्रकार. पहिल्या बोलावण्याला 'सालामात पो, बुसोग पा पो आको' म्हणजे 'आभारी आहे, पोट भरलंय' असं म्हणून पुढे जायचं. पुन्हा बोलावलं, खुर्ची ओढली, ताट पुसायला घेतलं, की बसायचं. मग मात्र पोट भरल्याचं कारण चालत नाही. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, सुरीचं काम नसतं. हाताने जेवणंही तिथे परकं नाही. केळीच्या पानांवर भात पसरून सगळे मिळून हाताने खातात, आणि त्यात तू त्यांच्याहून सराईत ठरशील.

गरिबाच्या घरी भात हवा तेवढा घे, कालवण मात्र चमचाभरच. पाहुण्याला आधी बसवतात. घरातली मुलं दाराआड थांबलेली असतात आणि भांड्यात जे उरेल ते त्यांच्या वाट्याला येतं. माशाचे दोन तुकडे वाढलेले दिसले तर एकाचा अर्धा उचल. आग्रह होईल. भात आवडला म्हणून सांग आणि भात घे. उलट, ताट चाटूनपुसून रिकामं केलंस तर ते पुन्हा भरतं, म्हणून शेवटचे दोन घास मंद गतीने. निघताना फॉइलमध्ये काहीतरी बांधून हातात देतील. ती शिदोरी नाकारू नकोस. तुला नको असेल तर मठात खाणारी तोंडं पुष्कळ असतात.

घरात शिरताना वडीलधाऱ्या माणसाचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, 'मानो पो' म्हणायचं. तुझ्या पायातल्या सँडल्सपेक्षा आणि गळ्यातल्या क्रुसापेक्षा या एका कृतीने म्हाताऱ्या बायका तुला घरचा मानतात. उलट ब्रदरचाच हात आपल्या कपाळाला लावणाऱ्याही काही आज्या भेटतील. लाजू नकोस.

आता नाताळाकडे. तिथे नाताळ सप्टेंबरात सुरू होतो, ही अतिशयोक्ती समजू नकोस. महिन्याच्या नावाच्या शेवटी 'बर' लागला की दुकानांत गाणी वाजायला लागतात आणि घरांवर पारोल चढतात. पारोल म्हणजे बांबू आणि कागदाचा ताऱ्याच्या आकाराचा कंदील. पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांदोचे अवाढव्य कंदील तर बघण्यासारखे. त्यामुळे घरची आठवण डिसेंबरच्या अखेरीला एकदम येऊन आदळेल असं धरून चालू नकोस. ती सप्टेंबरपासून थेंबाथेंबाने येते, आणि गंमत म्हणजे 16 डिसेंबर उजाडला की तिला वेळच मिळत नाही.

कारण त्या दिवशी सिम्बांग गाबी सुरू होतो. 16 ते 24 डिसेंबर, नऊ पहाटेच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासना. शेतावर जाण्याआधी लोकांना येता यावं म्हणून ही वेळ पडली, ती आजही बहुतेक ठिकाणी टिकून आहे. साडेतीन-चारला घंटा होते. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांचा, जांभळा रंग बाजूला ठेवून तिथे या मिस्सांना पांढरी वस्त्रं घालतात, एरवी या काळात गाळलं जाणारं 'ग्लोरिया' हे स्तुतिगीतही म्हणतात. आपल्याकडच्या उपासना-शिस्तीत वाढलेला ब्रदर पहिल्या दिवशी चपापतो, पण तिथे ही रीतसर मुभा आहे, तेव्हा कोणाला दुरुस्त करायला जाऊ नकोस. नऊच्या नऊ पुऱ्या केल्या तर मनातलं मागणं पुरं होतं, असं लोक मानतात. तरुण पोरं निम्मी त्यासाठी आणि निम्मी एकमेकांना भेटायला येतात. येऊ देत. प्रवचनात त्यांना टोमणे मारणारा एखादा नवा उत्साही मिशनरी दर वर्षी निघतो. दहाव्या दिवशी त्याच्याशी बोलायला कोणी शिल्लक नसतं.

माझ्या मते त्या देशातलं सगळ्यात चांगलं खाणं याच नऊ पहाटे, चर्चच्या फाटकाबाहेर मिळतं. बिबिंग्का तांदळाच्या पिठाचा. मातीच्या पसरट भांड्यात केळीचं पान घालून त्यावर पीठ ओततात, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. कडेचं पान करपतं आणि त्याचा वास पिठात उतरतो. वर खारवलेल्या अंड्याची चकती, चीज, खोबरं. गोव्याचा थरांचा बिबिंक मनात धरून गेलास तर फसशील. हा एकाच थराचा, हलका, जाळीदार. दुसरा पुतो बुम्बोंग, जांभळ्या चिकट तांदळाचा. बांबूच्या नळ्यांत भरून वाफवतात, नळी आपटून बाहेर काढतात, वर लोणी, खोबरं आणि तपकिरी साखर. सोबत आल्याचा गरम सालाबात. अंधारात, थंड वाऱ्यात, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हे खाताना जी ओळख होते ती धर्मग्रामाच्या बैठकीत सहा महिन्यांत होत नाही. मिस्सा संपली की झोप काढायला मठात पळू नकोस, एवढंच माझं म्हणणं. झोप जानेवारीत काढ.

24 च्या रात्री मिस्सेनंतर नोचे बुएना, घरोघरचं मध्यरात्रीचं जेवण. ऐपत असेल तिथे हॅम, लाल मेणातलं गोल चीज, लेचोन म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर. नसेल तिथे पानसित शेवया, पाव, गरम चॉकलेट आणि आपली ती स्पॅगेटी. तुला तीन-चार घरची बोलावणी येतील. सगळीकडे जा, सगळीकडे थोडं खा. मला विचारशील तर पहिलं पाऊल सगळ्यात लहान घरात टाक, कारण ब्रदर आपल्याकडे शेवटी, पोट भरल्यावर येतो, हे तिथल्या लोकांना बरोबर कळतं.

त्या जेवणात तुला एक दृश्य हमखास दिसेल. टेबलावर फोन टेकवून ठेवलेला आणि पडद्यावर त्या घरचा मुलगा किंवा आई. दुबईतून, रियाधहून, हाँगकाँगहून, नाहीतर जहाजावरून. लक्षावधी फिलिपिनो कामासाठी परदेशी असतात. मनिलात बारा वाजतात तेव्हा दुबईत आठ वाजलेले असतात, ड्यूटी संपलेली असते किंवा संपायची असते. ज्या बाईने तुला वाढलं तिचं स्वतःचं लेकरू या सणाला दुसऱ्या कोणाच्या तरी देशात डब्यातलं काहीतरी खात असतं. तुला ती दोनदा आग्रह करते यामागे हेही असतं. मी घरापासून दूर आहे म्हणून माझं सांत्वन करा, असा चेहरा त्या टेबलावर घेऊन बसायची सोय नाही. वाढलेलं खा, पडद्यावरच्या मुलाला दोन शब्द बोल, तिकडे मिस्सा कुठे मिळते ते विचार.

घरी फोन कधी करायचा हेही आधी ठरव. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तुझी मध्यरात्रीची मिस्सा संपेल तेव्हा वसईत साडेनऊ-दहा वाजलेले असतील आणि घरची मंडळी नवे कपडे घालून निघण्याच्या गडबडीत असतील. त्या क्षणी फोन लावलास तर आई चर्चला जाईपर्यंत रडेल आणि तुझं जेवण जायचं नाही. 25 च्या संध्याकाळी कर. त्या दिवशी सकाळी मुलं धर्ममाता-धर्मपित्यांकडे पैसे मागायला फिरतात, दुपारनंतर मात्र गाव गळून झोपतं, मठात सामसूम होते. एकटेपण वाटायचंच तर ते याच वेळी. मॉर्मन पंथाची अठरा-वीस वर्षांची मुलं पांढऱ्या शर्टात, छातीवर नावाची पट्टी लावून, जोडीने फिरताना तुला तिथे दिसतील. त्यांना 2019 पर्यंत वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, घरी फोन करता यायचा. मग नियम सैल होऊन आठवड्याला मुभा मिळाली. तो जुना नियम मला कठोर वाटायचा, पण रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉलवर वसईत राहणारी आमची पोरं पाहिली की त्यामागचा हेतू समजतो.

पोटाची काळजी घे, इथे सौजन्य आड येऊ देऊ नकोस. कोळंबी, शिंपले, शेंगदाणे यांची ॲलर्जी असेल तर पहिल्याच दिवशी मठाच्या स्वयंपाकघरात सांग. बागोओंग म्हणजे आंबवलेला जवळा कशातही दडलेला असतो, आणि कारे-कारे हे कालवण शेंगदाण्याचंच. 'रेड टाइड'चा सरकारी इशारा लागलेल्या खाडीतले शिंपले आणि जवळा कोणी कितीही प्रेमाने दिले तरी खायचे नाहीत. ते विष शिजवून जात नाही.

पुरुषांच्या बैठकीत एकच ग्लास फिरतो, त्याला तागाय म्हणतात. एक जण ओततो, बाकीचे आपली पाळी घेतात. एक पाळी घेऊन, गप्पा मारून उठलास तर कोणी काही म्हणत नाही. अजिबात घेत नसशील तर ग्लासाला हात लावून पुढे कर. पण घरगुती लंबानोग, म्हणजे माडाच्या ताडीची दारू, बिनलेबलच्या बाटलीतून आली तर पाळीसुद्धा घेऊ नकोस. 2019 च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या पार्ट्यांत, लागुना आणि केझोन प्रांतांत मिथेनॉल असलेलं लंबानोग पिऊन कितीतरी माणसं दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली.

घरून काय न्यावं? मसाल्याची एक लहान बाटली ने, स्वतःसाठी, आणि ती लपवून खाऊ नकोस. आपल्या हातचं त्यांना खाऊ घालायची घाई मात्र पहिल्या नाताळात करू नकोस. पहिलं वर्ष पाहुण्याचं. दुसऱ्या वर्षी फुगे, आपले नाताळचे तळलेले गोळे, तळ. मैदा, नारळाचं दूध, ताडी सगळं तिथे मिळतं आणि गोड असल्याने हातोहात संपतील. एक गोष्ट लक्षात घे, डिसेंबर हा तिथे वादळांचाही महिना. 2021 साली ओदेत वादळ बरोबर 16 डिसेंबरला, पहिल्या पहाटमिस्सेच्या दिवशी, सिआर्गावच्या किनाऱ्यावर धडकलं आणि सेबू, बोहोलपर्यंत घरांची छपरं नेली. तशा वर्षी नोचे बुएनाला भात आणि डब्यातले सार्डिन असतात. बिबिंग्का कुठेय असं विचारायचं नसतं.

आता भाषा. संत गोन्सालो गार्सिया तुझ्याच वसईचे. जपानात आधी जेझुइट संघाच्या मिशनऱ्यांबरोबर राहिले, मग व्यापार केला, नंतर मनिलात येऊन फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर झाले. 1593 साली मनिलाहून जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कनांना त्यांची गरज पडली ती जपानी भाषा येत होती म्हणून, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत ते हुतात्मा झाले. सेमिनरीत इंग्रजीवर भागेल, पण स्वयंपाकघरात नाही, आणि नाताळ तर सगळा स्वयंपाकघरातच होतो. नियुक्ती कुठे होणार हे कळलं की मला लिही. लुझोनमध्ये असेल तर टागालोगचे दोन तास रोज आतापासून सुरू कर. विसायास किंवा मिंदानाओमध्ये असेल तर बऱ्याच ठिकाणी सेबुआनो लागेल. तिथे 'काइन तायो' ऐवजी 'मंगाओन ता' ऐकू येईल आणि भात माडाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत लटकवलेला मिळेल. बेंगेटसारख्या उंच डोंगराळ भागात पाठवलं तर लोकरीचा स्वेटर ने.